थांबायचं कधी? स्टीव्ह कॉपेल यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण अभ्यासात सहसा माणसांची नावं झाकतात. इथे झाकण्यासारखं काही नाही, कारण जे घडलं ते हजारो प्रेक्षकांसमोर घडलं आणि त्याचे आकडे नोंदलेले आहेत. स्टीव्ह कॉपेल हे इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे माजी विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला चढवणारे खेळाडू. पुढे पस्तीस वर्षं ते मॅनेजर म्हणून वेगवेगळ्या क्लबांत येत-जात राहिले. आपल्याकडे अनेकांना ते इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) केरळ ब्लास्टर्स, जमशेदपूर आणि कोलकात्याच्या एटीकेचे शांत, फारसं न बोलणारे प्रशिक्षक म्हणून आठवत असतील.

त्यांची कारकीर्द मी निवडली ती एका प्रश्नासाठी. खेळाडू असो वा प्रशिक्षक, थांबायची वेळ आली आहे हे त्याने कशावरून ओळखायचं? कॉपेल यांच्या आयुष्यात हा प्रश्न किमान पाच वेळा आला. दर वेळी उत्तर निराळं निघालं आणि दर वेळी निकालाचा फलक वेगळंच काहीतरी सुचवत होता.

पार्श्वभूमी

कॉपेल यांचा जन्म १९५५ चा, लिव्हरपूलचा. लिव्हरपूल विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास चालू असतानाच ते नदीपलीकडच्या ट्रॅनमेअर रोव्हर्सकडून खेळू लागले. त्या काळात इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटू आणि विद्यापीठाची पदवी हा मेळ फार क्वचित दिसायचा. १९७५ मध्ये मॅनेजर टॉमी डॉकर्टी यांनी त्यांना मँचेस्टर युनायटेडमध्ये आणलं. युनायटेड तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होती आणि वर चढायच्या बेतात होती.

उजव्या बाजूने चेंडू घेऊन पळणं, बचावपटूला मागे टाकणं आणि गोलसमोर क्रॉस टाकणं हे त्यांचं काम. पण संघाकडून चेंडू गेला की ते धावत मागे यायचे, आणि हे सगळेच विंगर करत नाहीत. १९७७ मध्ये युनायटेडने लिव्हरपूलला २-१ हरवून एफए कप ही इंग्लंडमधली बाद फेऱ्यांची स्पर्धा जिंकली त्या संघात ते होते. जानेवारी १९७७ ते नोव्हेंबर १९८१ या काळात युनायटेडचे सलग २०६ लीग सामने ते खेळले. एकही चुकला नाही. थंडी-तापाचे, मुरगळलेल्या घोट्याचे, कंटाळ्याचे दिवस त्यातही आलेच असतील. तरी जवळपास पाच वर्षं संघाच्या यादीत सात नंबरपुढे हेच नाव.

ही मालिका लक्षात ठेवावी लागते. जो माणूस इतका काळ एकदाही बाहेर बसला नाही, त्याला बाहेर बसायचा निर्णय घ्यायची सवयच नसते.

अडचण: नोव्हेंबर १९८१

१८ नोव्हेंबर १९८१ रोजी वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध हंगेरी सामना होता. इंग्लंड १-० ने जिंकला आणि १९८२ च्या स्पेनमधल्या विश्वचषकात पोचला. देश आनंदात असताना कॉपेल यांचा गुडघा गेला होता. हंगेरीच्या योझेफ तोथ यांचा टॅकल त्यांच्या पायावर आदळला आणि आतलं नुकसान मोठं झालं. २०६ ची मालिका तिथेच थांबली.

आता विश्वचषक सात महिन्यांवर, वय २६, इंग्लंडच्या संघातली जागा पक्की.

पर्याय काय होते

पहिला पर्याय म्हणजे पूर्ण विश्रांती. विश्वचषकावर पाणी सोडायचं आणि वर्षभर गुडघ्याला द्यायचं. दुसरा म्हणजे उपचार घेत, सूज उतरवत खेळत राहायचं आणि निदान स्पेन गाठायचं. तिसरा पर्याय खेळ सोडण्याचा, पण त्या टप्प्यावर तो कोणाच्याच मनात नसणार. हातात पदवी होती, म्हणजे फुटबॉलबाहेरही जगता आलं असतं. तरीही सव्विसाव्या वर्षी तो विचार कोण करतं?

त्या काळी गुडघ्याची शस्त्रक्रिया आजच्यासारखी नव्हती. दुर्बिणीतून छोट्या छेदाने काम उरकणं अजून सर्रास झालेलं नव्हतं, आणि फाटलेल्या लिगामेंटमुळे खेळणं कायमचं थांबल्याची उदाहरणं ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना ठाऊक असायची. म्हणजे पहिला पर्याय निवडूनही गुडघा वाचेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नव्हतं.

कॉपेल यांनी दुसरा मार्ग धरला. उपचार घेतले, परतले आणि स्पेनला गेले.

१६ जून १९८२, बिल्बाओ. फ्रान्सविरुद्धचा सामना सुरू होतो न होतो तोच इंग्लंडला उजवीकडे थ्रो-इन मिळतो. कॉपेल तो लांब फेकतात. टेरी बुचर डोक्याने चेंडू मागे वळवतात आणि ब्रायन रॉबसन समोरून येऊन तो जाळ्यात मारतात. २७ सेकंद. विश्वचषकातल्या सर्वांत वेगवान गोलांमध्ये आजही त्याची गणना होते. गुडघा दुखत असला तरी थ्रो-इनला हात लागतात. हे दृश्य बघताना मला दर वेळी तेच जाणवतं.

पुढे कुवेत झालं, पश्चिम जर्मनी झाली. शेवटचा सामना स्पेनविरुद्ध होता आणि इंग्लंडला जिंकायलाच हवं होतं. गुडघा सुजल्यामुळे कॉपेल त्यात खेळू शकले नाहीत. सामना ०-० राहिला आणि इंग्लंड एकही सामना न हरता घरी परतलं.

त्यानंतर शस्त्रक्रिया झाल्या. मधे काही महिने ते खेळलेही, पण १९८३ चा एफए कपचा अंतिम सामना हुकला. ऑक्टोबर १९८३ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तोवर युनायटेडसाठी जवळपास चारशे सामने झाले होते आणि इंग्लंडसाठी ४२.

निर्णयाचा मुद्दा: विश्वचषक सोडला असता तर?

बरेच जण इथे सरळ म्हणतात की स्पेनला जायला नको होतं. मी तसं म्हणणार नाही. विश्रांती घेतली असती तरी गुडघा टिकला असता असं सांगता येत नाही, आणि विश्वचषक पुन्हा आला नसता. चूक शोधायची तर ती वेगळ्या जागी आहे. निर्णय एकदाच घेतला गेला. विश्वचषकाआधी, मधे आणि नंतर तो पुन्हा तपासायला हवा होता, आणि तपासणारा माणूस खेळाडू किंवा त्याचा क्लब यांच्यापेक्षा तिसराच असायला हवा होता. जो दुखण्यासकट खेळू शकतो, त्याच्या “मी ठीक आहे” या शब्दावर विसंबता येत नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःलाच तसं वाटत असतं.

अठ्ठाविसाव्या वर्षी दुसरी सुरुवात

निवृत्तीनंतर आठ महिन्यांत, जून १९८४ मध्ये, दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने त्यांना मॅनेजर केलं. वय अजून २८ च. लीगमधल्या सर्वांत तरुण मॅनेजरांपैकी ते एक होते. दुसऱ्या श्रेणीतला क्लब, हाती पैसा बेताचा. अध्यक्ष रॉन नोड्स यांनी नामांकित खेळाडूला मॅनेजरची खुर्ची दिली यात नवल नव्हतं. नवल याचं की पहिली काही वर्षं वर चढता आलं नाही तरी ती खुर्ची काढून घेतली नाही. आजच्या हिशेबाने ही चैनच म्हणायची.

त्या संयमाची फळं म्हणजे इयन राइट. बाविशीच्या उंबरठ्यावर असलेला, क्लबांनी चाचणी घेऊन परत पाठवलेला, हौशी फुटबॉल खेळणारा मुलगा पॅलेसने १९८५ मध्ये घेतला. पुढच्या वर्षी लेस्टरहून मार्क ब्राइट आला. ही जोडी जमली आणि जून १९८९ मध्ये वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्ले-ऑफ लढतींच्या अंतिम फेरीत पॅलेसने ब्लॅकबर्नला गाठलं. पहिल्या लढतीत १-३ ने मागे पडूनही घरच्या मैदानावर जादा वेळेत ३-० ने जिंकून पॅलेस अव्वल श्रेणीत गेली.

नऊ गोल

वर आल्यावर महिन्याभरातच, १२ सप्टेंबर १९८९ ला, ॲनफिल्डवर लिव्हरपूलने पॅलेसला ९-० ने हरवलं. लिव्हरपूलच्या आठ वेगवेगळ्या खेळाडूंनी गोल केले. जॉन ऑल्ड्रिज क्लब सोडून स्पेनला निघाले होते. त्यांना निरोप म्हणून बदली खेळाडू म्हणून उतरवलं आणि पेनल्टी मारायला दिली. पॅलेसलाही एक पेनल्टी मिळाली, ती हुकली. कॉपेल यांच्या जन्मगावात, त्यांच्या डोळ्यांसमोर हे सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने काय करायचं? राजीनाम्याची भाषा चालू होते. खेळाडूंना झापता येतं. किंवा हा अपघात होता असं म्हणून पुढे जाता येतं. कॉपेल यांनी चौथी वाट धरली आणि संघातली भोकं मोजली. नोव्हेंबरमध्ये ब्रिस्टल रोव्हर्सकडून नायजेल मार्टिन यांना १० लाख पौंडांना घेतलं. ब्रिटनमध्ये गोलकीपरसाठी एवढी रक्कम त्याआधी कोणी मोजली नव्हती. मग न्यूकॅसलकडून बचावपटू अँडी थॉर्न आले. राइट-ब्राइटच्या गोलांवर जगणाऱ्या क्लबने पैसा मागच्या फळीत ओतला.

जानेवारीत लिव्हरपूल पुन्हा २-० ने जिंकली. दोन सामन्यांत मिळून अकरा शून्य. आणि एफए कपच्या उपांत्य फेरीत गाठ पडली ती लिव्हरपूलशीच.

८ एप्रिल १९९०, व्हिला पार्क. राइट पाय मोडून बाहेर. कॉपेल यांच्या संघाने लिव्हरपूलची एक दुबळी बाजू हेरली होती. कॉर्नर आणि फ्री किकवर, उंचावरून येणाऱ्या चेंडूपुढे त्यांचा बचाव गोंधळतो. इयन रश यांनी लिव्हरपूलला पुढे नेलं. विश्रांतीनंतर लगेच ब्राइट यांनी बरोबरी केली, मग ओरायली यांनी पॅलेसला पुढे काढलं. शेवटच्या दहा मिनिटांत लिव्हरपूलने दोन गोल करून ३-२ केलं. सामना संपला असं वाटत असताना अँडी ग्रे यांनी ८८ व्या मिनिटाला ३-३ केलं. जादा वेळेत कॉर्नर आला, थॉर्न यांनी डोक्याने तो पुढे ढकलला आणि ॲलन पार्ड्यू यांच्या हेडरने चौथा गोल झाला. ९-० नंतर विकत घेतलेल्या बचावपटूचं डोकं त्या गोलामागे होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अंतिम सामना मँचेस्टर युनायटेडशी, म्हणजे कॉपेल यांच्याच जुन्या क्लबशी. दुखापतीतून नुकतेच उठलेले राइट बदली म्हणून आले, दोन गोल केले, सामना ३-३. पाच दिवसांनी फेरलढत झाली आणि युनायटेड १-० ने जिंकली. ॲलेक्स फर्ग्युसन यांचं युनायटेडमधलं ते पहिलं विजेतेपद. पुढच्या हंगामात पॅलेस लीगमध्ये तिसरी आली. क्लबच्या इतिहासात त्याहून वरचा क्रमांक आजवर मिळालेला नाही.

शेवट मात्र कडू होता. १९९१ मध्ये राइट आर्सेनलला गेले. १९९३ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी अव्वल श्रेणीत टिकायला पॅलेसला आर्सेनलकडे एक गुण पुरला असता. पॅलेस ३-० ने हरली आणि पहिला गोल राइट यांचाच होता. तिकडे ओल्डहॅमने साउदॅम्प्टनला ४-३ हरवलं. दोघांचे गुण ४९ आणि गोलफरकात (केलेले वजा खाल्लेले गोल) पॅलेस दोन गोलांनी मागे, म्हणून खालच्या श्रेणीत घसरली. कॉपेल यांनी राजीनामा दिला. नऊ वर्षं झाली होती.

३३ दिवस

ऑक्टोबर १९९६ मध्ये मँचेस्टर सिटीने त्यांना बोलावलं. सिटी नुकतीच खालच्या श्रेणीत घसरली होती, आधीचे मॅनेजर ॲलन बॉल हंगाम सुरू होताच गेले होते, आणि प्रेक्षक, खेळाडू, अध्यक्ष सगळे अस्वस्थ. कॉपेल ७ ऑक्टोबरला आले आणि ८ नोव्हेंबरला गेले. मधे सहा सामने झाले, दोन जिंकले.

जाताना त्यांनी पत्रकारांसमोर स्वतःच सांगितलं की हा ताण आपण स्वतःवरच लादला आहे, तो झेपत नाही आणि प्रकृतीवर परिणाम होतो आहे. १९९६ साली इंग्लिश फुटबॉलमध्ये हे बोलणं म्हणजे मोठी गोष्ट होती. मॅनेजरने ओरडावं, चहाचे कप भिंतीवर फोडावेत, हे लोकांना समजायचं. “मला झेपत नाही” हे समजायचं नाही. मानसिक आरोग्य हा शब्द तेव्हा क्रीडापानांवर नव्हता.

पर्याय काय होते? रजा घेऊन परत येणं, सहायकाकडे रोजचं काम सोपवून स्वतः मागे राहणं, किंवा दात-ओठ खाऊन हंगाम काढणं. सिटीसारख्या चिघळलेल्या क्लबमध्ये पहिले दोन पर्याय चार दिवससुद्धा टिकले नसते. तिसरा त्यांनी एकदा करून पाहिला होता, गुडघ्याच्या वेळी. मला वाटतं इथे त्यांनी तो धडा वापरला. हे माझं वाचन आहे, त्यांनी असं कुठे म्हटलेलं नाही. पण १९८२ मध्ये शरीर नाही म्हणत असताना खेळलेला माणूस १९९६ मध्ये नाही हा शब्द महिन्याभरात ऐकतो, हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

सिटीचं पुढे काय झालं तेही पाहावं. त्या हंगामात अंतरिम धरून पाच जणांनी संघ सांभाळला आणि १९९८ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. म्हणजे दुखणं एका माणसाचं नव्हतं.

आणि कॉपेल? चारच महिन्यांनी ते पॅलेसमध्ये परत मॅनेजर झाले. मे १९९७ मध्ये वेम्बलीवर प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला डेव्हिड हॉपकिन यांचा गोल झाला आणि पॅलेस पुन्हा वर गेली. ज्याला नोव्हेंबरमध्ये संपलेला म्हटलं होतं तो मे महिन्यात विजेता. ओळखीचं घर, ओळखीची माणसं असली की ओझ्याचं वजन बदलतं.

वेगळं काय करता आलं असतं? सिटीला होकार देण्याआधी थांबायला हवं होतं. १९९३ नंतर रोजच्या मॅनेजरपणापासून ते दूर होते. परत येताना देशातल्या सर्वांत अस्थिर क्लबांपैकी एकाची निवड करणं म्हणजे महिनाभर अंथरुणात पडलेल्या माणसाने थेट सिंहगड चढायला घेण्यासारखं होतं. राजीनामा योग्यच होता, घाई झाली ती पद घेताना. अशा प्रसंगात आपण राजीनाम्यावर चर्चा करत बसतो आणि त्याआधीच्या होकाराकडे बघतच नाही.

रेडिंग

मधली काही वर्षं भराभर सांगतो. पॅलेस पुन्हा घसरली, दिवाळखोरीच्या काठावर गेली. ब्रेंटफर्डला ते २००२ मध्ये प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले, तिथे हरले. मग ब्रायटन. ऑक्टोबर २००३ मध्ये रेडिंगची जागा रिकामी झाली, कारण तिथले मॅनेजर वेस्ट हॅमला गेले होते. ते मॅनेजर म्हणजे ॲलन पार्ड्यू, तोच व्हिला पार्कचा चौथा गोल.

२००५-०६ चा रेडिंगचा हंगाम दुसऱ्या श्रेणीच्या इतिहासात वेगळा नोंदला गेला. ४६ सामने, ३१ विजय, १३ बरोबरी, फक्त २ पराभव. १०६ गुण आणि ९९ गोल. पहिलाच सामना प्लायमथकडून हरले, त्यानंतर सलग ३३ सामने अपराजित. त्या संघातला केविन डॉइल आयर्लंडच्या कॉर्क सिटीहून ७८ हजार पौंडांत आणला होता. बड्या क्लबांच्या लेखी ही रक्कम नगण्य. पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये रेडिंग ५५ गुणांनी आठवी आली. एक गुण जास्त मिळून सातव्या आलेल्या बोल्टनला युरोपात खेळायला मिळालं.

२००७ चा उन्हाळा हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णयबिंदू आहे, कारण तेव्हा सगळं छान चाललं होतं. मधल्या फळीचा कणा असलेला स्टीव्ह सिडवेल करार संपवून चेल्सीला गेला. त्याची भरपाई करायची की आहे त्या संघावर विश्वास ठेवायचा? आठव्या क्रमांकावर आणणाऱ्या खेळाडूंना बाजूला सारणं कॉपेल यांच्या स्वभावात नव्हतं. नवे आले ते थोडे आणि त्यांतल्या बहुतेकांचा जम बसला नाही. नँतहून आणलेला एमर्स फाए तर हंगामभर चाचपडत राहिला. याच फाए यांना पुढे रक्तवाहिनीच्या आजारामुळे २८ व्या वर्षी खेळ सोडावा लागला आणि २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांनी आयव्हरी कोस्टला आफ्रिकेचं विजेतेपद मिळवून दिलं. अठ्ठावीस हा आकडा पुन्हा समोर आला की मी थबकतो.

त्या हंगामात रेडिंग पोर्ट्समथकडून ७-४ ने आणि टॉटनहॅमकडून ६-४ ने हरली. चार गोल करून हरायचं, तेही दोनदा. मे २००८ मध्ये शेवटच्या दिवशी डर्बीला ४-० ने हरवलं, पण फुलहॅमनेही पोर्ट्समथला १-० ने हरवलं. दोघांचे ३६ गुण. रेडिंगचा गोलफरक उणे २५, फुलहॅमचा उणे २२, म्हणून रेडिंग खालच्या श्रेणीत गेली. पंधरा वर्षांनी दुसऱ्यांदा, पुन्हा गोलफरकावर, पुन्हा शेवटच्या दिवशी. १९८९ च्या हिवाळ्यात ज्या माणसाने भोकं मोजून गोलकीपर आणि बचावपटू आणले, त्यानेच या वेळी मागची फळी वेळेत शिवली नाही. कॉपेल यांची सर्वांत महागात पडलेली चूक मला हीच वाटते. सिटीचे ३३ दिवस त्या मानाने काहीच नव्हेत.

त्यानंतर जावं की राहावं याचा त्यांनी विचार केला आणि राहिले. २००९ मध्ये प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत बर्नलीकडून हरल्यावर लगेच पद सोडलं. बर्नलीचे तेव्हाचे मॅनेजर ओवेन कॉइल. तेही पुढे आयएसएलमध्ये चेन्नईयिन आणि जमशेदपूरला आले.

दोन सामने

२०१० मध्ये ब्रिस्टल सिटी. हंगामाच्या तोंडावर त्यांनी इंग्लंडचे गोलकीपर डेव्हिड जेम्स यांना घेतलं. लीगचा पहिला सामना मिलवॉलकडून ०-३, मग लीग कपमध्ये साउथएंडकडून हार. ऑगस्टमध्येच कॉपेल यांनी राजीनामा दिला. या कामाची ओढ उरलेली नाही, हे त्यांनी मान्य केलं.

इथे मी त्यांची बाजू पूर्णपणे घेऊ शकत नाही. क्लबने त्यांच्यावर विसंबून खेळाडू घेतले होते, सराव आखला होता. ओढ नाही हे जुलैमध्ये कळत नाही आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कळतं? कळत असावं, पण कबूल करायला सामने लागतात. तरी उरलेले ४५ लीग सामने मन नसताना काढण्यापेक्षा हे क्लबच्या फायद्याचं होतं, असंही मला वाटतं.

कोची

२०१६ मध्ये केरळ ब्लास्टर्सने त्यांना प्रशिक्षक केलं. सचिन तेंडुलकर यांची सहमालकी असलेला हा क्लब आदल्या वर्षी तळाला होता. पहिल्या दोन सामन्यांत हार, तिसरा ०-०. संघाचे एकूण लीग गोल किती तर १४ सामन्यांत १३. पण गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवाला २-१, कोचीत पुन्हा गोवाला २-१, तोही सी. के. विनीतच्या भरपाई वेळेतल्या गोलवर. असे एकेका गोलाने सामने जिंकत संघ वर सरकत गेला.

मग १९ नोव्हेंबर २०१६, अंधेरीचा मुंबई फुटबॉल अरीना. मुंबई सिटी ५, केरळ ०. दिएगो फोर्लानची हॅटट्रिक. मुंबईकरांसाठी ती आयएसएलमधली एक सोनेरी संध्याकाळ होती. केरळच्या बाकावर बसलेल्या ६१ वर्षांच्या माणसाला मात्र अशी रात्र नवी नव्हती. त्याने याहून चार गोल जास्त पाहिले होते.

त्यानंतर केरळने पुण्याला २-१ हरवलं, कोलकात्याशी १-१ बरोबरी केली, नॉर्थईस्टला १-० हरवलं. २२ गुण, दुसरा क्रमांक. गोलफरक उणे दोन असलेला संघ दुसरा! उपांत्य फेरीत दिल्लीला पेनल्टींवर हरवून अंतिम सामना गाठला, तोही कोचीत. १८ डिसेंबरला पिवळ्या रंगाने भरलेल्या स्टेडियममध्ये मोहम्मद रफीने केरळला पुढे नेलं, सेरेनोने कोलकात्याला बरोबरीत आणलं, आणि पेनल्टींवर ४-३ ने कोलकाता जिंकलं. शेवटची किक ज्वेल राजाची.

पुढच्या हंगामात कॉपेल कोचीला परतले नाहीत, नव्या जमशेदपूर संघाकडे गेले. कोचीत राहिले असते तर? बांधलेल्या संघावर दुसरं वर्ष मिळालं की काय होतं हे पॅलेस आणि रेडिंग दोन्हीकडे दिसलेलं आहे. केरळला ते दुसरं वर्ष मिळालं नाही, आणि हंगामागणिक संघ मोडायच्या तेव्हाच्या आयएसएलच्या रिवाजात ते कोणालाच सहज मिळत नव्हतं. इथे निर्णय एकट्या माणसाचा नव्हता, रचनेचाही होता.

जमशेदपूरने पहिल्याच वर्षी शेवटच्या सामन्यापर्यंत उपांत्य फेरीची आशा जिवंत ठेवली. मार्च २०१८ मध्ये घरच्या मैदानावर एफसी गोवाने त्यांना ३-० ने हरवलं, गोवा पुढे गेलं आणि जमशेदपूर पाचवं राहिलं. मग एक हंगाम एटीके, दहा संघांत सहावं स्थान.

नोंदी समोर मांडल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या रात्री नऊ गोल खाल्ले, पाच गोल खाल्ले, त्या रात्री कॉपेल यांनी पद सोडलं नाही. ज्या दोन वेळी ते सर्वांत लवकर गेले, तिथे फलकावर एवढं वाईट काही नव्हतं. सिटीला तर सहापैकी दोन सामने जिंकलेही होते. त्यांच्या जाण्या-राहण्याचा हिशेब फलकावरून लागत नाही. तो लावायला त्या त्या वेळी त्यांना शेजारी बसून विचारणारं कोणीतरी हवं होतं. १९८१ च्या नोव्हेंबरात वेम्बलीवर तसं कोणी नव्हतं, आणि १९९६ च्या ऑक्टोबरात होकार देतानाही नसावं.

एटीकेनंतर २०१९ मध्ये ते ६३ वर्षांचे असताना बाजूला झाले. त्यानंतर त्यांनी कोणताही संघ हाती घेतला नाही.